आधी दार, मग माल

१९९६ साल, फेब्रुवारीतला एक सोमवार. रक्कम पासष्ट हजार सहाशे रुपये, म्हणजे दोन ट्रक रद्दी, सोळा टन, किलोला चार रुपये दहा पैसे दराने. हजर चौघे: सांगलीच्या आमच्या कागद मिलचे मालक, रद्दीचा नवा गोदामवाला, मिलचा हिशेबनीस म्हणून मी, आणि ज्याच्या सहीवाचून हे बिल अडले होते तो माल तपासणारा. त्याने पेनाला टोपण लावले, पेन खिशाला अडकवले आणि दोन्ही हात पाठीमागे बांधून तो उभा राहिला.

"माल बघितलाय, चांगला हाय," तो म्हणाला. "दार बघितलेलं न्हाई. आदी दार, मग माल."

गोदामवाला माझ्याकडे बघून हसला. मीही हसलो असेन. दाराचे हे खूळ मिलमध्ये सगळ्यांना ठाऊक होते.

माणूस फलटणकडचा. पलटणीतून हवालदार म्हणून निवृत्त झालेला, म्हणून आम्ही त्याला हवालदारच म्हणायचो. उंच, वाळका, मिशा पिकलेल्या पण कातरलेल्या. आलेल्या रद्दीचे गठ्ठे फोडून ओल किती, माती किती हे सांगायचे, एवढेच त्याचे काम. पण नवा व्यापारी आला की हा सायकल काढायचा आणि त्याच्या गोदामावर जाऊन माणसे राहतात त्या खोल्यांच्या कड्या बघायचा. दाराला कडी आतून आहे की बाहेरून, एवढेच. बाहेरून असली, की माल नको.

मी एकदा विचारले तेव्हा म्हणाला, "भाऊसाहेब, पल्टनीत गार्डरूमवर काढल्यात वर्सं. आतनं कडी असती ती मानसाची. भायेरनं असती ती मालाची. मानूस आत आन कडी भायेर म्हनल्यावर काय समजायचं?"

हे ऐकायला बरे वाटते, पण रोजच्या जगण्यात ते फार अवघड जायचे. एका संक्रांतीला तो तिळगूळ घ्यायला आमच्या घरी आला. बसायच्या आधी त्याची नजर मागच्या न्हाणीघराकडे गेली. दाराला बाहेरून कडी लावलेली.

"वैनी, आत कोन हाय?"

"कोणी नाही हो. मांजर शिरतं, म्हणून लावते बाहेरून."

"व्हय का," म्हणून तो बसला. तिळगूळ खाल्ला. मग हात धुवायला म्हणून उठला, स्वतः कडी काढून आत डोकावला आणि तेव्हा कुठे त्याचा जीव खाली पडला. हिने नंतर मला विचारले, "अहो, तुमच्या त्या हवालदारांना वाटलं काय, मी सासूबाईंना कोंडलंय?" हिच्या सासूबाई, म्हणजे माझी आई, त्या वेळी ओट्यावर बसून सगळे ऐकत होत्या. त्यांना फार मजा वाटली.

तुम्ही म्हणाल, असा माणूस सरळच असणार. मला तसे वाटत नव्हते. रद्दीच्या धंद्यात माल तपासणाऱ्याला सगळेच काही ना काही देऊ बघतात. ओल्या गठ्ठ्याला कोरडा म्हणायचे एवढ्यासाठी महिना बांधलेली माणसे मी पाहिली आहेत. आमचा जुना व्यापारी किलोला साडेचार घ्यायचा, नवा चार-दहा सांगत होता. किलोमागे चाळीस पैसे, म्हणजे या दोन ट्रकांतच सहा हजार चारशेचा फरक. इतके पैसे वाचत असताना एखादा माणूस 'दार, दार' करून अडून बसतो, तर त्याला जुना व्यापारी काही देत असेल, हा विचार हिशेबनिसाच्या मनात येणारच. शिवाय हवालदार त्या व्यापाऱ्याकडे चहाला बसायचा. गावी त्याने नुकतीच पत्र्याची शेड घातली होती. पेन्शन आणि आमचा पगार मिळून ती होऊ शकली असती. नाही असे नाही. पण मी मनात टिपण करून ठेवले होते.

मालकांच्याही मनात तेच असावे. ते म्हणाले, "भाऊसाहेब, उद्या तुम्ही जा ह्याच्याबरोबर. एकदाचं बघून या ते दार."

गोदामवाला लगेच म्हणाला, "या की! चहा आमच्याकडंच घ्या."

मंगळवारी माझ्या स्कूटरवरून आम्ही मिरजेच्या पुढे गेलो. गोदाम मोठे. एका बाजूला रद्दी, एका बाजूला प्लास्टिक, आणि कोपऱ्यात सलाईनच्या नळ्या, बाटल्या, रक्ताच्या डागांचा कापूस, असे काही जे रद्दीत यायलाच नको. सात माणसे उकिडवी बसून निवड करत होती. एकाच्याही हातात मोजे नव्हते. मागे त्यांच्या राहण्याच्या दोन खोल्या. मी सरळ दारापाशी गेलो. कडी आतून होती. नवी, चकचकीत.

"झालं समाधान?" मी म्हणालो.

हवालदाराने बाहेरच्या बाजूने दारावर हात फिरवला. चार भोके होती, लांबी भरून बुजवलेली आणि वर रंग दिलेला. रंग बोटाला लागला. त्याने ते बोट मला दाखवले.

"जुनं दार आहे ओ," गोदामवाला म्हणाला. "भोकं काय, कशाचीबी असतील."

तेही खरे. भोके कशाचीही असू शकतात. मी तसे म्हणालोसुद्धा. गोदामवाल्याच्या शेजारी खाटेवर बसून हवालदार गप्पा मारू लागला. आजूबाजूला बाजार कुठला, कुठल्या वारी भरतो, भाव काय.

"ही मानसं जात्यात का बाजारला?"

"कशाला जातील? सगळं हितंच आणून देतो की आमी. मीठ, मिरची, तेल. मानसं काय, घरातलीच समजतो मी."

"समदं तुमीच आनता?"

"समदं."

"लुगडी?"

"लुगडीबी."

"बांगड्या?"

"बांगड्याबी आणून देतो," गोदामवाला मोठ्या कौतुकाने म्हणाला. "कशाला कमी पडू देत न्हाई."

हवालदाराने माझ्याकडे बघितले. या वेळी त्याने काही दाखवायची गरज नव्हती. वीस वर्षे संसार केलेल्या माणसाला एवढे कळते. आमच्या हिला शेजारणीने आणलेली साडी चालते, बहिणीने आणलेली चप्पल चालते. पण बांगड्या भरायला ती स्वतः कासारासमोर बसते. तो हात दाबून बघतो, माप बदलतो, एखादी फुटली तर शुभ बोलतो. बांगड्या आणून देता येत नाहीत. तिथवर हात न्यावा लागतो, नाहीतर कासार घरी यावा लागतो. इथे दोन्ही झालेले नव्हते.

जवळ एक बाई बाटल्यांची झाकणे काढत बसली होती. तिच्या हातांत दोन-दोन बांगड्या होत्या, मापाहून फार मोठ्या. निसटू नयेत म्हणून मनगटाशी चिंध्या गुंडाळल्या होत्या.

हवालदाराने तिच्याकडे पाणी मागितले. ती तांब्या घेऊन आली तेव्हा त्याने पलटणीत शिकलेल्या कानडीत हळूच विचारले, जेवलीस का, गाव कुठले. तिने आधी गोदामवाल्याकडे बघितले. तेवढ्यात बाहेर ट्रकचा हॉर्न वाजला आणि तो फाटकाकडे गेला.

बाई भराभर बोलली. मराठी मोडके, पण समजत होते. गाव जतच्या पलीकडे. दुष्काळात नवरा-बायकोने दोन हजारांची उचल घेतली होती. नवऱ्याला ह्याच मालकाच्या लोणंदच्या गोदामावर ठेवलेय, तिला इथे. "म्या पळालं तर तिकडं त्येला मारत्यात. त्यो पळाला तर मला. वर्स झालं, त्येचं तोंड बघितलं न्हाई." मग तिने रिकामा तांब्या उचलला आणि जागेवर जाऊन बसली.

परत येताना मी म्हणालो, "हवालदार, गोष्ट दोन हजारांची आहे. ह्याच्या बिलावर दोन हजार उचलीपोटी जास्त देऊ, आणि दोघांना सोडवू. आजच होईल."

"म्हंजी आपन तिला इकत घेतली म्हना की."

"विकत कसली? कर्ज फेडलं."

"गाडी थांबवा."

मी थांबवली. तो उतरून समोर उभा राहिला. "आवं, वेठबिगारीच्या कायद्यानं ती उचल बुडालेलीच हाय. माफ न्हाई, फिटली न्हाई, हायेच न्हाई! तुमी दोन हजार दिलं तर त्यो उद्या त्याच दोन हजारांत दुसरी जोडी आनंल. आन ह्यात बाकीच्या सहा मानसांचं काय?"

"आणि तहसीलदार हलेपर्यंत त्यानं तिला कुठे हलवलं तर?"

ती भीती त्यालाही होती. पण तो तिथूनच तहसील कचेरीत गेला, आणि अर्ज पुढे सरकेपर्यंत रोज दोन वेळा सायकलवरून गोदामासमोरून फेरी मारत राहिला, बाई दिसते का बघत.

गोदामवाल्याला वास लागला. गुरुवारी तो मिलमध्ये आला आणि मालकांसमोर म्हणाला, "हा हवालदार माझ्याकडं क्विंटलमागं पाच रुपये मागत होता. न्हाई दिले म्हणून हे समदं."

मालकांनी हवालदाराला विचारले. तो म्हणाला, "न्हाई मागितले." एवढेच. शपथ नाही, आरडाओरडा नाही. खरे सांगायचे तर त्याच्या त्या गप्प बसण्याने माझा संशय वाढलाच.

मालक माझ्याकडे वळले. "भाऊसाहेब, तुम्ही ह्याच्याबरोबर गेला होता. तुम्हाला काय वाटतं?"

"यानं पैसे मागितले की नाही, मला माहीत नाही," मी म्हणालो. "पण त्या बाईच्या बांगड्या मी बघितल्या. बिल द्यायचं असेल तर तहसीलदारांसमोर देऊ."

हवालदाराने मान वळवून माझ्याकडे पाहिले. त्यात आभार नव्हते. 'माहीत नाही' हे त्याला लागले असावे.

शनिवारी तहसीलदार पोलीस घेऊन गोदामावर गेले. बाई तिथेच होती. तिच्या नवऱ्याला लोणंदहून आणायला आणखी दोन दिवस लागले. गोदामवाल्यावर खटला झाला असे ऐकले. त्याचा निकाल मला कळला नाही.

हवालदार आमच्याकडे पुढे फार टिकला नाही. त्याने आणखी दोन गोदामांचा माल नाकारला, रद्दीचा खर्च वाढला, आणि मालक म्हणाले, "सगळ्यांची दारं बघत बसलो तर मिलचं दार लावावं लागेल." निरोपाच्या दिवशी मी त्याचा हिशेब चुकता केला. त्याने नोटा माझ्यासमोर दोनदा मोजल्या. वर्षानुवर्षे मी त्याच्याकडे ज्या नजरेने पाहिले, तीच ती संशयाची नजर. मग सायकलीला ट्रंक बांधून तो फलटणकडे गेला. पुन्हा भेट नाही. जुन्या व्यापाऱ्याकडून तो काही घेत होता का, हे मला आजही सांगता येणार नाही. घेत असेल तर नुसता माल नाकारून स्वस्थ बसणे त्याला अधिक सोयीचे होते, तहसील कचेरी गाठायची गरज नव्हती, एवढेच म्हणतो.

राहिले त्या बिलाचे. तहसील कचेरीत, ते सातजण आणि बाईचा नवरा अशा आठही जणांसमोर, थकलेली मजुरी त्यातून आधी काढली. मजुरी एकतीस हजार चारशे ऐंशी. उरलेले चौतीस हजार एकशे वीस गोदामवाल्याला. उचलीपोटी काही नाही.

एकेकाला पुढे बोलावून मी पैसे देत होतो. नवऱ्याने आपले घेतले. बाईचे नाव पुकारल्यावर सवयीने त्यानेच पुन्हा हात पुढे केला. हवालदार भिंतीशी उभा होता, तिथूनच म्हणाला, "तुजं तुला मिळालं गड्या. हे तिचं हाय."

तो बाजूला झाला. पाच हजार चाळीस रुपये मी त्या बाईच्या हातात दिले.