शब्दाला गाव विचारणाऱ्या शेवंताबाई

एखाद्या मुलीने इंग्रजी शब्द नुसता घोकून म्हटला, की शेवंताबाई टेबलावर डस्टर आपटत. "शब्द पावणा हाय, पोरी. दारात आला की आधी गाव इचारायचं!" मग स्वतःच ते गाव सांगत. 'लूट' हा शब्द इंग्रजांनी आपल्याकडून नेला, हे सांगताना तर लालबुंद होत. "सोनंनाणं नेलंच, वर शब्दबी लुटला की!"

कोल्हापुरातल्या त्या मुलींच्या शाळेत मी मराठी शिकवायची, त्या इंग्रजी. इचलकरंजीच्या विणकराची ही लेक. वडील लवकर गेले. आईने लोकांच्या मागांसाठी सुताच्या कांड्या भरून हिला बी. ए. केलं. लग्न का केलं नाही, असं कुणी विचारलं की म्हणत, "सवड झाली न्हाय." एरवी भाषा शुद्ध पुस्तकी, रागावल्या की इचलकरंजी बाहेर येई.

स्वातंत्र्य मिळून काही वर्षं झाली होती. मोठ्या बाई निवृत्त झाल्या. त्यांच्या जागी शेवंताबाईच येणार, असं आम्ही सगळ्या धरून चाललो होतो. शाळेचे अध्यक्ष शिक्षकांच्या खोलीत आले आणि त्यांनी नुकत्याच लागलेल्या एका मास्तरांचं नाव सांगितलं.

"शेवंताबाई का नाहीत?" मी विचारलं.

"अहो, त्या स्पिन्स्टर," ते हसले. "संसार ठाऊक नाही. मुलींना वळण काय लावणार?"

शेवंताबाई उठल्या. "साहेब, स्पिन्स्टर म्हंजे सूत कातणारी. आपलं पोट आपण भरणारी बाई. तिला नवरा न्हाय, एवढंच लोकांनी ध्यानात ठेवलं आन् शब्दाची शिवी केली. माझी आईबी सुतावरच जगली. तिच्या हाताला घट्टे पडले, तवा मी हितं उभी हाय. तुमी शिवी द्याया गेलासा, पण नाव माझ्या आईचं घेतलंसा!"

अध्यक्षांनी घड्याळ पाहिलं आणि ते निघून गेले. नेमणूक बदलली नाही.

बाईंनी राजीनामा दिला. निरोपाच्या सभेत अध्यक्षांनी त्यांना हार घातला आणि ते म्हणाले, "अशी नाइस लेडी पुन्हा मिळणार नाही."

"नाइस म्हंजे मुळात अडाणी," बाई म्हणाल्या. "ज्याला काय कळत न्हाय, तो. मला कळतंय, म्हणून तर चालले." हार टेबलावर ठेवून त्या बाहेर पडल्या.

पुढे त्या इचलकरंजीत वारल्या. शाळेने शोकसभा घेतली. अध्यक्ष पुन्हा गोड गोड बोलू लागले, तशी मी भर सभेतून उठून आले. तो राग अजून शांत झालेला नाही. तो शांत व्हावा, असं मला वाटतही नाही.