अक्कांचा पंजाबी राजमा

आमच्या शेजारच्या अक्का दर रविवारी पंजाबी राजमा करतात. मोबाईल हळदीच्या डब्याला टेकवून व्हिडिओ लावतात आणि त्यातल्या बाईशी भांडतात. "एवढं लोणी कामून घालायलीस गं?" शेवटी लोणी बाजूलाच राहतं आणि पातेल्यात शेंगदाण्याचा कूट पडतो. मग भिंतीवरून वाटी माझ्या हातात येते. मी पहिला घास खाईपर्यंत त्या जागच्या हलत नाहीत. मी "छान" म्हटलं की लगेच सुनावतात, "छान न्हाई, पंजाबी म्हण."

गेल्या महिन्यात अक्कांच्या वरच्या मजल्यावरच्या भाडेकरू मुलीची आई लुधियान्याहून आली. रविवारची वाटी या मुलीलाही जाते, म्हणून तिनं हौसेनं अक्कांना राजमा करायला सांगितला. त्या दिवशी अक्का मोबाईलशी एका शब्दानं भांडल्या नाहीत. व्हिडिओतली बाई सांगेल तेवढं लोणी घातलं. हात सवयीनं कुटाच्या डब्याकडे गेला, तसा मागं घेतला. मला हळूच म्हणाल्या, "खरी पंजाबी बाई जेवायला यायलीय. लाज जायला नको."

पाहुणीनं राजमा खाल्ला आणि "अच्छा है" म्हणाली. मुलगीच हिरमुसली. "अक्का, वो मूंगफलीवाला क्यों नहीं बनाया? मम्मी को वही तो खिलाना था."

अक्का तडक उठल्या. डबा आणून त्यांनी पाहुणीच्या राजम्यावर मूठभर कूट टाकला आणि तिनं पहिला घास खाईपर्यंत हलल्या नाहीत.

"अब बोलो, पंजाबी हुआ की नै?"