मानमोडीच्या घरी भेटायला

बर्ड फ्लू हा शब्द नव्वदच्या दशकात आमच्या कुंडलला कुणी ऐकला नव्हता. आम्हाला मानमोडी पुरेशी होती. कोंबडीची मान पिळवटते, ती जागच्या जागी गोल फिरते आणि मरते. नावातच सगळं आलं.

चुलत जावेच्या शेडमध्ये ती शिरली तेव्हा आमच्या कोंबड्या नुकत्याच अंड्यावर आल्या होत्या. त्यांना पुढची लस येत्या आठवड्यात द्यायची होती. आमच्याकडे गोठ्यातली म्हैस मेली तरी लोक भेटायला जातात, न गेल्यास बोल लागतो. मीही गेले. जाऊ शेडच्या तोंडाशी तुसावरच बसली होती. "काय बी ऱ्हायलं न्हाई गं," म्हणाली. मी शेजारी बसले, तिला जवळ घेतलं आणि मग पदर खोचून मेलेल्या कोंबड्या खड्ड्यापर्यंत वाहिल्या.

घरी आले तर खाद्याची वेळ टळत होती. त्याच साडीनं, त्याच चपलांनी थेट आमच्या शेडमध्ये शिरले. माणसाच्या मयताला गेले असते तर डोक्यावरून पाणी घेतल्याशिवाय उंबरा ओलांडला नसता. पण कोंबड्यांचं कसलं आलंय सुतक, असं तेव्हा वाटलं.

सहाव्या दिवशी आमच्याकडची पहिली मान वाकडी झाली. विश्रामबागेतून जनावरांचे डॉक्टर आले, दारातच थांबले. "तिकडं कोण जाऊन आलं होतं?" मी म्हटलं, मी. त्यांनी फक्त माझ्या चपलांकडे बघितलं. चार शब्द सुनावले असते तर बरं झालं असतं. एक व्यापारी धडधाकट दिसणाऱ्या कोंबड्या न्यायला आला, त्याला नवऱ्यानं रस्त्यावरूनच परत लावून दिलं. सगळ्या चुन्यात पुरल्या.

त्याच दिवसांत शेजारच्या मळ्यातली माझी मैत्रीण भेटायला निघालेली दिसली. तिचीही शेड होती. मी लांबूनच ओरडले, "हितं येऊ नगंस. मागं फिर."

"अगं, अशा वक्ताला न्हाई यायचं तर कवा?" म्हणत ती पुढंच आली.

मी ढेकूळ उचललं आणि तिच्या पायांपुढं मारलं. दुसरं उचललं तेव्हा ती थांबली. रोग पायाबरोबर जातो, हे मी रडत रडत सांगत होते. तिनं ऐकलं की नाही, देव जाणे. पदर तोंडाला लावून ती परत गेली.

तिच्या शेडला काही झालं नाही. आम्ही पुन्हा कोंबड्या ठेवल्या नाहीत. दोन वर्षांनी माझी सासू गेली, तेव्हा झाडून सगळी वस्ती भेटून गेली, माझी ती मैत्रीण तेवढी आली नाही. मला तिचा फार राग आला. तरी तिच्या शेडमधला कलकलाट वाऱ्यावर ऐकू आला की बरं वाटायचं, आणि मग जास्तच रडू यायचं.