निजलेली लेकरं

सुमन, गुडघा कसाय? बापू, खोकला थांबला का? शोभा, साखर वाढू देऊ नको. मी बरी आहे, पण दुपारपासून छातीत धडधड होऊन राह्यली.

इथं मस्तगडला माझी नातसून रेखा घरीच पाळणाघर चालवते. आज तपासणीला एक बाई आल्या. दारं, पाणी, औषधांचं कपाट, सगळं बराबर निघालं. लेकरं ओळीनं निजली होती. बाई कौतुकानं म्हणाल्या, "किती गुणी पोरं! आवाज म्हणून नाही."

ते ऐकून मला राहावलं न्हाई. मी वाकून एकाचा तळपाय जोरात चोळला. त्यानं असं भोकाड पसरलं की सगळीच उठली.

"आजी, आजच सुचलं का हे?" रेखा चिडली.

मंग मी सांगितलं. निजामाच्या राज्यात माझी माय कापसाच्या जिनिंगमध्ये कामाला जायची. धाकट्या बहिणीला शेजारणीकडं ठेवायची. ती शेजारीण लेकरं निजून राहावीत म्हणून बोटावर अफू घेऊन त्यांना चाटवायची. रिवाजच होता तसा, विचारणारं कुणी नव्हतं. उलट गल्ली म्हणायची, "हिच्याकडं लेकरू रडत न्हाई."

एका संध्याकाळी मायनं बहिणीला उचललं. ती उठलीच न्हाई.

 बाईंनी एकेक रडतं लेकरू कडेवर घेऊन पाहिलं.

तुमची नातवंडं जिथं सांभाळायला असतात, तिथं भर दुपारी न सांगता जाऊन या. निजली असली तर हलवून बघा. अन् उठली का, ते मला जल्दी लिहा.