करपलेल्या भाताचे प्रकाशक

तळवडेकर गेल्याची बातमी मला बहरीनमध्ये, झिंज भागातल्या न्हाव्याच्या दुकानात कळली, आणि तीही तक्रारीच्या सुरात. शेजारच्या खुर्चीत गालाला साबण लावून बसलेला एक तरुण, बोलण्यावरून वेंगुर्ल्याकडचा, आपल्या सोबत्याला सांगत होता की सुट्टीवरून येताना मुद्दाम वाट वाकडी करून तो कुडाळला गेला आणि रिकाम्या हाताने परत आला, कारण त्या घरात सुतक होतं. "ते 'बिघडल्यावर'वाले वारले ना," तो म्हणाला, "आता कँपमधल्या पोरांना काय सांगू?" मी झटक्याने मान वळवली आणि न्हाव्याने ती तितक्याच झटक्याने सरळ केली. त्या तरुणाला तळवडेकरांचं नाव धड ठाऊक नव्हतं. पुस्तक ठाऊक होतं. इतक्या वर्षांच्या ओळखीनंतर या गृहस्थांनी मला ही बातमीदेखील परक्याच्या तोंडून कळावी अशी व्यवस्था केली, हा माझ्या मनातला पहिला विचार. वाईट वाटायला दाढी संपेपर्यंत वेळ लागला…

सत्तरच्या दशकाच्या मध्यावर आम्ही दोघं झिंजमध्ये एका जागेत राहत होतो. मी एका बँकेत हिशेब तपासायचो, ते मीना सलमान बंदरावर एका जहाज एजंटाच्या कचेरीत मालाच्या नोंदी करायचे. माझं कुटुंब पुण्यात, त्यांचं कुडाळला. फॅमिली व्हिसा दोघांच्याही पगारात बसत नव्हता. स्वयंपाक आळीपाळीने करायचा असं ठरलं होतं. माझा स्वयंपाक बेचव असे, हे मी मान्य करतो. तळवडेकरांचा बिघडलेला असे. भात लावून ते वर्तमानपत्र उघडायचे आणि वास आल्यावर पान उलटायचे. आमटीत मीठ घालायचे, घातलं की नाही अशी शंका येऊन पुन्हा घालायचे, आणि शेजारचा मल्याळी गप्पांना आला की चांगुलपणाने तिसऱ्यांदा घालायचे. पण या माणसाचा खरा छंद त्यानंतर सुरू होई. बिघडलेलं फेकायचं नाही, ही त्यांची प्रतिज्ञा होती. करपलेल्या भातावर खुबुस, म्हणजे इथली बेकरीची रोटी, झाकून ठेव. फुटलेल्या दुधात गूळ घाल. गोळा झालेल्या उपम्याच्या वड्या पाड. कधी जमायचं, बहुधा जमायचं नाही, आणि दोन्ही प्रसंगी पहिला घास मला मिळायचा. "केळकरानू, खाऊन बघा आणि खरा सांगा," असं म्हणून ते माझ्या तोंडाकडे परीक्षकाकडे पाहावं तसे पाहत बसायचे.

याचं एक दिवस पुस्तक होईल असं मला वाटलं असतं तर मी जागा बदलली असती. एका शुक्रवारी त्यांनी जाहीर केलं की बाजारातली पाकपुस्तकं लबाड असतात. त्यांत सगळं पहिल्या फटक्यात जमतं. इथे हजारो बाप्ये चुलीपुढे उभे आहेत, त्यांचं काही जमत नाही, आणि तिथून पुढे काय करायचं ते कुणीच सांगत नाही. मी माझ्या परीने त्यांना वाचवायचा प्रयत्न केला. म्हटलं, तुम्हाला ओळखतं कोण? लेखक म्हणून सोडा, स्वयंपाकी म्हणूनही तुमची ख्याती या खोलीबाहेर गेलेली नाही, आणि खोलीत आहे ती वाईट आहे. ते म्हणाले, म्हणूनच. पुण्याच्या ज्या प्रकाशकाकडे मी हस्तलिखित नेऊन दिलं, त्यांनी ते सभ्यपणे परत केलं आणि वर विचारलं की लेखकाला साधा भात येत नाही, हे खरं का? मी हो म्हणालो. तळवडेकरांना हे सांगितलं तेव्हा ते खूश झाले. म्हणाले, म्हणजे त्यांनी वाचलं.

मग त्यांनी ते स्वतःच छापलं. बहरीनमध्ये छपाईचे देवनागरी खिळे मिळण्याचा प्रश्नच नव्हता, म्हणून सुट्टीत कुडाळच्या एका छापखान्यात दिलं. हा छापखाना आयुष्यभर लग्नपत्रिका छापत आलेला. मुखपृष्ठाला काय लावू, असं मालकाने विचारल्यावर तळवडेकर म्हणाले, नेहमीचं लावा. त्यामुळे 'बिघडल्यावर' या नावाभोवती वेलबुट्टी आली, दोन्ही बाजूंना केळीचे खुंट आले आणि माथ्यावर गणपती आला. पहिली प्रत हातात घेतल्यावर मी मुहूर्त शोधू लागलो. आत मजकूर मात्र तळवडेकरांचाच होता. 'चपाती कडक झाल्यास ती चपाती आहे हा आग्रह सोडावा व तुकडे करून फोडणीस टाकावी.' अशी वाक्यं मी तपासली होती आणि प्रत्येकावर हरकत घेतली होती. त्यांनी एकही बदललं नाही.

खरी हरकत दुसरीकडून आली. सुमतीवहिनी, तळवडेकरांची पत्नी, कुडाळात सुगरण म्हणून नावाजलेल्या. श्राद्धाला नि बारशाला लोक त्यांना सल्ला विचारायला येत. त्यांच्या नवऱ्याने करपलेल्या अन्नावर पुस्तक काढलं, वर आपलं संपूर्ण नाव, गाव, तालुका छापला! लोक म्हणणार, हिने नवऱ्याला काय घातलं असेल? त्यांनी सांगून टाकलं की हे पुस्तक मी वाचणार नाही आणि उंबऱ्याच्या आत घेणार नाही. गठ्ठे पडवीत राहिले. तळवडेकर सुट्टी संपवून परतले, त्यानंतर त्यांच्या पत्रांना वहिनींचं उत्तर येईना. मुलगा दोन ओळी लिही: आई बरी आहे. तळवडेकर बाहेर सगळीकडे बढाया मारत होते, पण ते पोस्टकार्ड आलं की वर्तमानपत्र उलटं धरून बसायचे. त्यांना वाचक हवे होते, पण एका वाचकासाठी त्यांनी बाकीचे सगळे सोडून दिले असते. एकदा मला म्हणाले, "एकदा वाचूक होयां तिना. मगे शिवी घातली तरी चलात." वाचायला हवं तिने, मग शिवी दिली तरी चालेल…

आपल्या लोकांत पुस्तक आलं की समारंभ आला. मनामातल्या आमच्या मंडळाचे अध्यक्ष मोठ्या हुद्द्यावर होते आणि माईक हातात आला की तो घामाने ओला होईपर्यंत सोडत नसत. त्यांनी प्रकाशनसोहळा केला. शाल आणली, नारळ आणला, आखाती देशातील मराठी संस्कृतीच्या जबाबदारीवर ते बोलले, आणि बोलता बोलता पुस्तकाचं नाव 'घडल्यावर' असं सांगून मोकळे झाले. सभागृहात बसली होती ती कुटुंबं: इंजिनियर, त्यांच्या बायका, आणि इंग्रजीत कुजबुजणारी मुलं. त्यांच्या घरी स्वयंपाक बिघडत नव्हता, किंवा बिघडला तर ते चारचौघांत कबूल करायची प्रथा नव्हती. बायकांनी पुस्तक चाळलं, हसल्या आणि पुन्हा टेबलावर ठेवलं. एकही प्रत गेली नाही. घरी येताना मी म्हटलं, बघा, मी सांगत होतो. तळवडेकर शाल मांडीवर घेऊन बसले होते. म्हणाले, "केळकरानू, आपण जेवलेल्या माणसांका जेवूक बोलावला."

त्या वाक्याचा परिणाम माझ्या शुक्रवारांवर झाला. माझ्याकडे एक जुनी डॅटसन होती, आणि एकुलत्या एका सुट्टीच्या दिवशी माणसाने झोपावं असं माझं मत होतं. तळवडेकर सकाळी दारात उभे राहून "यल्ला, केळकरानू, चला" म्हणायचे. अस्करच्या बाजूला अॅल्युमिनियमच्या कारखान्यात कामाला असलेल्या आपल्या पोरांचे कँप, मीना सलमानची वर्कशॉपं, ड्रायव्हरांच्या खोल्या, जिथे एका स्टोव्हवर पाच-सहा माणसं जेवतात अशा सगळ्या ठिकाणी मी त्यांना नेलं. त्यांची पद्धत ठरलेली. भाषण नाही. पुस्तक पिशवीतच. आधी ते त्या लोकांच्या स्वयंपाकघरात शिरून स्वतः काहीतरी रांधायला घ्यायचे आणि ते बिघडायचं. मुद्दाम बिघडवतात असा पोरांचा समज होता. खरं काय ते मला ठाऊक होतं. पोरं हसायची. कुणीतरी म्हणायचं, "काका, ह्या खलास झाला, टाकून द्या." मग तळवडेकर पिशवीतून पुस्तक काढून त्यातल्याच एकाच्या हातात द्यायचे आणि मोठ्याने वाचायला लावायचे. वाचणारा वाचायचा, बाकीचे करायचे, आणि निम्म्या वेळा पातेलं खरोखर वाचायचं. उरलेल्या निम्म्या वेळा आम्ही दोघं उपाशी परतायचो. उन्हाळ्यात, एसी बंद पडलेल्या गाडीत, कांद्याच्या वासात, हा माणूस मला विचारायचा की तिसऱ्या प्रकरणाचं शीर्षक जरा लांब झालं का.

पण पुस्तक चालू लागलं. कँपमधली प्रत फाटली की दुसरी हवी असे, एका खोलीतला माणूस दुसरीकडे गेला की तिथून मागणी येई. इकडचा साठा संपला, आणि बाकीचा साठा कुडाळच्या पडवीत, वहिनींच्या देखरेखीखाली. आपल्याकडे सुट्टीवरून येणाऱ्याच्या हाती कुणी लोणचं देतं, कुणी औषध देतं. तळवडेकरांनी प्रत्येकाला सांगायला सुरुवात केली की येताना आमच्या घरी जा आणि बॅगेत मावतील तेवढी पुस्तकं आणा. मी म्हटलं, अहो, जी बाई पुस्तकाला शिवत नाही तिच्याकडे तुम्ही गिऱ्हाईक पाठवता? ते म्हणाले, "घराकडे इल्ल्या माणसाक ती च्याय दिल्याशिवाय सोडूची नाय. आणि च्याय पिताना माणूस बोलता."

आणि माणसं बोलली. तळवडेकरांच्या पत्रांत खुशाली सोडून कधी काही नसे. त्या पडवीत बसून रत्नागिरी ते सावंतवाडीच्या पोरांनी वहिनींना सगळं सांगितलं: शिफ्ट, ऊन, खोलीतल्या खाटा, मांडी ठोकून पातेल्याभोवती बसणारी माणसं, आणि त्यांच्यात कढई जाळणारे त्यांचे यजमान. वहिनी ऐकत ऐकत गठ्ठा सोडून प्रती मोजून देत. मग एकदा परब नावाचा ड्रायव्हर परतला तो निरोप घेऊनच. "वहिनी म्हणाली," तो अगदी वहिनींच्या ठसक्यात म्हणाला, "तेंका सांगा, बटाटो घालून आमटेचो खारटपणा जाणा नाय. नारळाचो रस घाला म्हणावा."

तळवडेकर उठून खोलीतल्या खोलीत फिरू लागले. मला म्हणाले, बटाट्याचा उपाय पुस्तकातला आहे, म्हणजे तिने वाचलं. मी म्हटलं, कशावरून? परबने तोंडी सांगितलं असेल. परबला विचारलं तर त्याने खरंच सांगितलं होतं. तळवडेकर खाली बसले. पण त्यानंतर जो येई तो निरोप आणी. जळलेल्या खोबऱ्याविषयी, आंबलेल्या पिठाविषयी, पातळ झालेल्या पिठल्याविषयी. प्रत्येक निरोपात नवऱ्याची चूक आणि त्यावर उतारा. दुसऱ्या आवृत्तीत ते सगळे उतारे आले आणि ती आवृत्ती पहिलीपेक्षा कितीतरी वेगाने संपली. मुखपृष्ठावर वहिनींचं नाव घालायचा त्यांचा हट्ट होता. वहिनींनी कळवलं की नाव घातलंत तर पडवी रिकामी करीन. पुढे ऐंशीच्या दशकात ते नोकरी सोडून कायमचे कुडाळला गेले, तेव्हाही निरोप येई तो हाच: खप चांगला आहे, सुमतीने अजून वाचलेलं नाही. या दोन बाबी ते एका दमात लिहीत. मला त्या बाईंचा राग यायचा, आणि त्यांचाही. अनोळखी लोकांची मनं जिंकायला निघालेला माणूस, घरात पुस्तक उघडून समोर ठेवायला घाबरत होता.

न्हाव्याच्या दुकानातल्या त्या सकाळनंतर मी रजा टाकली आणि कुडाळला गेलो. वहिनी मागच्या दारी, स्वयंपाकघराच्या पायरीवर बसल्या होत्या. शेवटचं कसं झालं ते मी विचारलं नाही, त्यांनीच सांगितलं. ते जाण्याच्या थोडं आधी वहिनींना ताप आला होता, उठवत नव्हतं. ते बहरीनहून परत आल्यापासून वहिनींनी त्यांना चुलीजवळ फिरकू दिलं नव्हतं, ते त्या दिवशी पहिल्यांदा शिरले. पेज केली. तांदूळ आणि पाणी, त्यात बिघडायचं काय, म्हणून पुस्तकात पेज घेतलीच नव्हती. मीच त्यांना तेव्हा म्हटलं होतं की पेज येत नाही असा कोकणी माणूस नाही. त्यांनी ती करपवली.

"मगे पुस्तक सोधूक लागले," वहिनी म्हणाल्या. "घरात एक नाय. शेवटचा मीच दिलंय, आडेलीच्या पोराक. मी म्हटलंय, सोधू नका, पेजेचा तेच्यात काय नाय."

मी त्यांच्याकडे पाहिलं. म्हटलं, वहिनी, तुम्ही तर वाचलं नव्हतंत. त्या पदराने पायरी पुसत होत्या, पायरी स्वच्छ होती.

"पहिलो गठ्ठो इलो त्याच दिवशी वाचलंय," त्या म्हणाल्या. "रागान. मगे सांगूक गावला नाय."

ते काय म्हणाले, असं मी विचारलं. म्हणे, त्यांनी हातातला पळा खाली ठेवला. मग म्हणाले, तर मग तूच सांग, पुढच्या आवृत्तीत घालूया. आणि दोघांनी ती पेज खाल्ली.

नव्या आवृत्तीची जबाबदारी आता माझ्यावर आली आहे, हे ओघानेच आलं. पेजेचा मजकूर वहिनींनी मला तिथेच, पायरीवर सांगितला. 'पेज करपल्यास करणाऱ्यासमोर बसून संपवावी.' मी म्हटलं, वहिनी, हा उपाय नाही होत. पुस्तकाच्या शिस्तीत हे बसत नाही.

त्या म्हणाल्या, "छापा."