पोट नसलेली गिटार

माझं शुद्धलेखन कच्चं आहे आणि अक्षरही वेडंवाकडं. चौथीपर्यंतच शिकले, सांभाळून घ्यावं.

शहाद्याच्या गहाणवाल्या शेठला मी भीत असे. तांब्या असो की पलंग, तो टिचकी मारायचा, डोळे मिटून आवाज ऐकायचा आणि किंमत कमीच सांगायचा. सासूबाईंच्या दवाखान्यासाठी आम्ही ह्यांची विजेवरची गिटार त्याच्याकडे नेली. हे लग्नांत ती वाजवत, त्यावरच घर चाले. लग्नसराईआधी सोडवली नाही तर चूल बंद.

शेठने टिचकी मारली. "भाभी, हिले पोटच नही. भरीव लाकूड शे. दहा रुपया."

"जुनी शे, म्हणीसन गोड वाजस," हे म्हणाले.

"जुनी तं मन्ही सासूबी शे."

मी पदराआडून म्हटलं, "तुमना रेडिओले जोडी देखा."

रेडिओमागे ग्रामोफोन जोडतात तिथे ह्यांनी वायर खुपसली आणि तार छेडली. दुकानातलं गिऱ्हाईक बाहेर पळालं. शेठ डोळे मिटायचंच विसरला. मुकाट्याने साठ रुपये दिले.

पुढे ऐकलं, तो येणाऱ्याजाणाऱ्याला बसवून एकच तार छेडून दाखवतो. लग्नसराईच्या तोंडावर सोडवायला गेलो तर तीच तार तुटलेली. व्याजातली पैसुद्धा न सोडणारा तो माणूस खाली बघत म्हणाला, "मन्हा हाते तुटनी. व्याजमाईन कापी ल्या."

ह्यांनी तारेचे दोन रुपये कापले आणि बाकी सगळे पैसे तिथेच चुकते केले.