खेळाडू क्रमांक सात

कॉलेजात शारीरिक शिक्षणाच्या प्राध्यापकाला कुणी प्राध्यापक मानत नाही. पंधरा ऑगस्टला रांगा लावायच्या, मैदानावर फक्कीने रेषा आखायच्या, कुठे गडबड झाली की शिट्टी घेऊन धावायचं. प्राचार्य मला सगळ्यांदेखत 'पीटी मास्तर' म्हणायचे. त्यांचं तोंड बंद करायला मला पीएच.डी. हवी होती. विज्ञानाची ओढ वगैरे मी मुलाखतीत सांगतो.

विषय घेतला कबड्डीचा. उरणकडच्या एका गावात पोरींचा संघ होता. त्यांना बारा आठवडे माझ्या पद्धतीचा सराव द्यायचा, आधी आणि नंतर चाचणी घ्यायची, फरक दाखवायचा. 'कधीही थांबता येईल, कारण विचारलं जाणार नाही,' हे संमतिपत्र मीच त्यांना वाचून दाखवलं. संशोधनात नावं छापत नाहीत, म्हणून प्रत्येकीला क्रमांक दिला. क्रमांक सात ही संघाची मुख्य चढाईपटू, मिठागरवाल्यांची पोर. खेळाच्या जोरावर पोलिसात जायचं, हा तिचा एकच ध्यास.

दहाव्या आठवड्यात ती लंगडत आली.

"सर, वळताना गुडघा सटकतो. दोन दिस बसू का?"

मी गुडघा हलवून पाहिला. सूज होती, सांधा ढिला लागत होता. लिगामेंट दुखावलंय हे कळण्याइतकं मी नक्कीच शिकलो होतो. पण दोघीजणी लग्न ठरल्यामुळे आधीच गेल्या होत्या. आणखी एक गेली तर सगळं पहिल्यापासून करावं लागेल, असं मार्गदर्शकांनी बजावलं होतं. मी पट्टी गुंडाळली. म्हणालो, "काही झालेलं नाही. दोनच आठवडे राहिलेत, बाळ."

"तुमी सांगता म्हणजे न्हाय झालं काय," ती हसली आणि मैदानात गेली.

शेवटची चाचणी धावण्याची. ठोका वाजला की वीस मीटर धावायचं, रेषेवर वळायचं, पुढच्या ठोक्याआधी परतायचं. खेळाडू थांबेल तिथवरच्या फेऱ्या हा तिचा आकडा. ती सगळ्यांत जास्त टिकली. मग एका वळणावर पाय जागीच रुतला आणि अंग फिरलं. ती किंचाळून पडली. मी आधी आकडा लिहिला, मग उठलो. याची मला आजही लाज वाटते.

प्रबंधात मी लिहिलं, 'सरावकाळात एकाही खेळाडूला इजा झाली नाही.' सूज मी कुठे नोंदवलीच नव्हती, आणि ती पडली सराव संपल्यावर. परीक्षकांनी नेमकं तेच वाक्य वाखाणलं. घोडं गंगेत न्हालं. प्राचार्य मला डॉक्टर म्हणू लागले.

गेल्या महिन्यात मी मुंबईला व्याख्यानाला निघालो होतो. विषय, खेळातल्या दुखापती कशा टाळाव्यात. रेवसच्या धक्क्यावर लाँचमधून उतरलेली एक बाई कठडा धरून, दर पायरीला तोच पाय पुढे टाकत चढत होती. हाक तिनेच मारली.

"सर! वळखलंत का?"

पोलीस भरतीचं विचारायची माझी हिंमत झाली नाही. तीच म्हणाली, "भरतीत धावताच आलं न्हाय." आणि लगेच, "तुमचं पुस्तक झालं ना वो? त्यात माझं नाव हाय का? पोरीला दाखवीन."

"नाही. त्यात नावं छापत नाहीत."

"का?"

मी नियम सांगितला. "खेळाडूचं काही नुकसान होऊ नये म्हणून."

तिने मान डोलावली. तिला ते पटलं.